शून्य तास आणि खुंटीवरच्या सात लडी

फील्डवर्क सुरू करण्याआधी आपण प्रश्नावली कशी बनवायची ते शिकतो, सॅम्पल कसं निवडायचं ते शिकतो. पण आपण लिहून आणलेला आकडा चुकीचा आहे हे ओळखायचं कसं, ते मात्र कुणी शिकवत नाही. ते गावात गेल्यावर, बहुतेक वेळा फजिती झाल्यावरच कळतं. आज माझ्या अशाच एका चुकीबद्दल लिहितेय. तुमच्यापैकी जे सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत किंवा पायलट स्टडीला निघालेत, त्यांना उपयोग होईल.

माझा विषय माणदेशातल्या छोट्या शेतकरी कुटुंबांचा आहे, ज्या घरांत अजून हाताने लोकर कातली जाते. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत असा हा सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत विभागलेला पट्टा. पर्जन्यछायेतला, कमी पावसाचा. बाजरी, ज्वारी, जिथे पाणी पोचलं तिथे डाळिंब. आणि दख्खनी मेंढी.

या मेंढीची लोकर जाडी-भरडी असते. स्वेटरला चालत नाही, घोंगडीला उत्तम. पण मेंढ्या काही लोकरीसाठी पाळत नाहीत. खरं उत्पन्न कोकरं विकून येतं, आणि शेतात मेंढरं बसवली की खताचे पैसे किंवा धान्य मिळतं. लोकर त्यानंतर. वर्षातून साधारण दोनदा कातरणी होते. बऱ्याच ठिकाणी लोकरीला इतका कमी भाव मिळतो की कातरणीची मजुरीही सुटत नाही, मग ती रानातच टाकून देतात. जिथे टाकत नाहीत, तिथे ती निवडायची, झोडपायची, पिंजायची, पेळू करायचे आणि कातायची. पुढे सनगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी कडक लागते.

मी ज्या गावात काम करते तिथल्या बायकांच्या एका गटाने यात थोडी भर घातली आहे. काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही. म्हणून त्या पांढरी, भुरकट लोकर वेगळी काढतात, कातून सूत करतात आणि घरीच रंगवून शहरातल्या विणकाम करणाऱ्यांना विकतात. सूत किलोवर जातं. दर ठरवायची वेळ आली तेव्हा गटाने मला साधा प्रश्न विचारला, "तू एवढं लिहून नेतीस, तर एका किलोला किती येळ लागतो ते सांग की."

माझ्याकडे उत्तर होतं. आणि ते चूक होतं.

चूक नेमकी काय झाली

प्रश्नावलीतला माझा प्रश्न असा होता: "गेल्या आठवड्यात सूतकताईसाठी रोज सरासरी किती तास दिले?" वाचायला काहीच वावगं नाही. गाईडने पाहिला, समितीने पाहिला, पास झाला.

गावात ज्या आक्कांकडे मी सगळ्यात आधी गेले, त्यांना हा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "कुठलं तास गं? बसत न्हाई मी कातायला."

मी फॉर्मवर शून्य लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. चहा आला. चहा पिताना नजर वर गेली, तर भिंतीवरच्या खुंटीला सुताच्या लडी टांगलेल्या. मोजल्या, सात होत्या. म्हटलं, "आक्का, हे सूत कुणाचं?"

"माझंच की. कुणाचं आसंल?"

"मग तुम्ही तर म्हणालात कातत नाही."

"बसत न्हाई म्हणाले. मेंढरांमागं हिंडताना बसावं लागतंय व्हय?"

आक्का टकळीवर कातत होत्या. टकळीला बैठक लागत नाही. बांधावर उभं राहून, नातवाला झोळीत टाकून झोका देताना, दारात कुणी बोलायला आलं की बोलता बोलता कातता येतं. त्यांच्या दृष्टीने काम म्हणजे ज्याला बसावं लागतं ते. माझ्या दृष्टीने काम म्हणजे ज्याचे तास सांगता येतात ते. दोन्ही व्याख्यांमधून त्या सात लडी निसटल्या. खोटं त्याही बोलल्या नाहीत आणि मीही नाही. तरी माझ्या एक्सेल शीटमध्ये या घरात सूतकताई 'नाही' अशी नोंद झाली असती.

तासाचा प्रश्न का फसतो

पहिलं कारण, कातणं फटीत होतं. दहा मिनिटं इथे, पाच मिनिटं तिथे. सलग केलेल्या कामाची आठवण तासांत राहते, तुकड्यातुकड्याने केलेल्याची राहत नाही.

दुसरं कारण, ते दुसऱ्या कामाच्या सोबत होतं. मेंढ्या राखणं हे 'मुख्य' काम आणि टकळी हे 'हाताला चाळा'. विचारलं की माणूस मुख्य कामच सांगतो.

तिसरं कारण, ते वर्षभर सारखं नसतं. कातरणीनंतर लोकर घरात असते तेव्हा हात चालतात. ज्वारीची काढणी आली की टकळी आठवडेच्या आठवडे हातात येत नाही. 'गेला आठवडा' विचारला तर सगळं उत्तर तुम्ही कुठल्या महिन्यात गेलात त्यावर ठरतं.

आता याला मोठ्या सर्वेक्षणांच्या शेजारी ठेवून पाहा. भारतात देशपातळीवरचं पहिलं वेळ-वापर सर्वेक्षण राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये जानेवारी ते डिसेंबर या काळात केलं. त्यात आदल्या दिवशीच्या पहाटे 4 पासून 24 तासांची नोंद घेतली गेली, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत. एका खणात एकाहून जास्त कामं नोंदवायची सोय होती, पण काम किमान 10 मिनिटांचं हवं. देशभराचं चित्र उभं करायला ही रचना ठीक आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण आक्कांचं पाच-पाच मिनिटांचं कातणं नेमकं त्या रेघेखाली राहतं.

इथे परीक्षेलाही विचारतात असा एक मुद्दा. घरात स्वतःसाठी केलेला स्वयंपाक राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरत नाहीत, कारण ती सेवा आहे. पण घरच्या वापरासाठीही वस्तू तयार केली, म्हणजे सूत कातलं, घोंगडी विणली, तर ते राष्ट्रीय लेखा पद्धतीच्या उत्पादन सीमेच्या आत येतं. म्हणजे व्याख्येने हे काम बाहेर टाकलेलंच नाही. ते निसटतं ते मोजणीत. या दोन गोष्टींत गल्लत करू नका. सिनॉप्सिसमध्ये 'स्त्रियांचं श्रम अदृश्य आहे' असं आपण एका वाक्यात लिहून मोकळे होतो. ते व्याख्येमुळे अदृश्य आहे की मापामुळे, हे सांगितलं तरच तुमचा रिसर्च गॅप खरा.

माणसाआधी वस्तू मोजा

त्या दिवसानंतर मी क्रम उलटा केला. आधी खुंटीवरचं सूत मोजायचं, मग माणसाला विचारायचं.

सुताची जाडी सांगण्यासाठी टेक्स हे माप वापरतात. 1,000 मीटर सुताचं ग्रॅममध्ये वजन म्हणजे टेक्स. आकडा मोठा तितकं सूत जाड. समजा 100 मीटर सूत 40 ग्रॅम भरलं, तर ते 400 टेक्स. 20 ग्रॅम भरलं तर 200 टेक्स.

इथे एक व्यवहारातली गोष्ट. मी सुरुवातीला 10 मीटर मोजून स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवत होते. तो काटा पूर्ण ग्रॅममध्येच दाखवतो, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची चूक गृहीत धरायची. 4 ग्रॅमवर अर्धा ग्रॅम म्हणजे साडेबारा टक्के. तेच 100 मीटर घेतलं तर 40 ग्रॅमवर अर्धा ग्रॅम, सव्वा टक्का. महागडा काटा घ्यायची गरज नव्हती, फक्त नमुना मोठा हवा होता. सव्वा मीटर परीघाच्या फाळक्यावर 80 फेरे घेतले की 100 मीटर होतात. गुंडाळताना ताण सगळीकडे सारखा ठेवायचा, एवढंच.

दुसरं, लोकर हवेतलं पाणी पिते. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित हवेत लोकरीत कोरड्या वजनाच्या साधारण 16 टक्के ओल असते. दमट हवेत ती जवळजवळ 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये मोजलेली लड आणि जुलैमध्ये मोजलेली लड यांची थेट तुलना करायची नाही. मी सगळे नमुने एकाच खोलीत एक दिवस टांगून मग मोजते आणि त्या दिवशीची आर्द्रता वहीत लिहिते. कच्च्या लोकरीचं वजन आणि धुतलेल्या लोकरीचं वजन हेही वेगवेगळ्या रकान्यांत. धुतल्यावर धूळ, काटेकुसळं, चरबी निघून जाते आणि वजन चांगलंच घटतं.

किलोचा दर कुणाला महाग पडतो

आता गटाच्या प्रश्नाकडे येऊ. सूत किलोवर विकलं जातं आणि दर सगळ्यांना सारखा. 400 टेक्सच्या एका किलोत 2,500 मीटर सूत असतं. 200 टेक्सच्या एका किलोत 5,000 मीटर. म्हणजे बारीक कातणारीने दुप्पट लांबी काढली, पैसे तेवढेच.

हे इथेच थांबत नाही. सूत बारीक झालं की ते टिकायला पीळ जास्त लागतो. साधारण नियम असा की एका मीटरमधला पीळ टेक्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. टेक्स निम्मं झालं तर मीटरमागे पीळ 1.4 पट. लांबी 2 पट, पीळ 1.4 पट, म्हणजे एका किलोसाठी टकळीला एकूण 2.8 पट फेरे. फेरे म्हणजे वेळ. अगदी काटेकोर तेवढाच वेळ लागतो असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे: किलोच्या एकाच दरात सगळ्यात चांगलं कातणाऱ्या बाईला तासाला सगळ्यात कमी पैसे मिळतात.

हे गणित नववी-दहावीचं आहे. त्यासाठी पीएचडी लागत नाही. पण माझ्या शीटमध्ये आक्कांच्या नावापुढे शून्य तास राहिले असते, तर हे गणित मांडायची वेळच आली नसती. गटातलं सगळ्यात बारीक सूत आक्कांचंच होतं.

रंगाच्या बाबतीतही तेच

कातणं झालं की रंग. इथे मला वाटलं होतं काम सोपं असेल, कारण रंगाची 'कृती' असते आणि कृती विचारून लिहून घेता येते.

डाळिंबाच्या सालीचा रंग हे गटाचं नेहमीचं काम. तडकलेली फळं बाजारात जात नाहीत, त्यांची साल वाळवून ठेवतात. आधी सूत धुवायचं, मग तुरटीच्या पाण्यात घालायचं, मग सालीच्या काढ्यात. तुरटीला इथे बंधकाचं काम असतं: तिच्यातलं ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवतं. सगळी प्रमाणं कोरड्या सुताच्या वजनावर लिहायची असतात. तुरटी सुताच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, आणि साल सुताच्या वजनाइतकी, असं धरून सुरुवात करता येते. 'दोन मुठी' असं उत्तर आलं तर वाद घालू नका. त्याच हातांनी मूठ भरायला सांगा आणि तीन-चार मुठी वजन करून सरासरी काढा.

एक काळजी लोकरीची स्वतःची. तिच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात ढवळाढवळ केली किंवा गरमातून एकदम गारात टाकली की खवले एकमेकांत अडकतात आणि सुताचा नमदा होतो. म्हणून पाणी हळूहळू तापवायचं, उकळी फुटू द्यायची नाही, आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं.

तर दोन लडी एकाच दिवशी, एकाच कृतीने रंगवलेल्या. एक छान पिवळी आली, दुसरी शेवाळी करड्या रंगाची. मी वहीत लिहिलं: 'कृतीत सातत्य नाही.' पुन्हा एक घाईचा निष्कर्ष. चार दिवसांनी सहज विषय निघाला तेव्हा गटातल्या एक वहिनी हसून म्हणाल्या, "आवो ताई, त्या दिशी मोठं पातेलं शेजारच्या लग्नात गेल्तं. दुसरी लड कढईत काढली."

कढई लोखंडाची. डाळिंबाच्या सालीत भरपूर टॅनिन असतं आणि टॅनिनला लोह भेटलं की करडा-काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच क्रियेने करत. मुद्दाम हाच रंग हवा असेल तर हिराकस वापरतात, तेही अगदी थोडं, सुताच्या वजनाच्या 1 ते 3 टक्के, कारण लोह जास्त झालं की लोकर चरचरीत आणि ठिसूळ होते. म्हणजे कृतीत सातत्य होतं. माझ्या फॉर्ममध्ये 'भांडं कुठलं' हा रकाना नव्हता.

मग असे आणखी रकाने दिसायला लागले. पाणी विहिरीचं, बोअरचं की पावसाचं? पाण्यात लोह असेल तर पिवळा रंग मळकट होतो. साल कुठल्या बहराची, किती दिवस वाळवलेली? उन्हाळ्यात रंगकाम बंद असतं, कारण खळबळून धुवायला पाणीच नसतं. झेंडूचा रंग दसऱ्यानंतर, कारण फुलं तेव्हा उतरतात. रंगाचं वेळापत्रक रंगवणारी ठरवत नाही. ते शेत, पाणी आणि शेजारचं लग्न ठरवतं. प्रयोगशाळेत आपण हे सगळं 'स्थिर ठेवलं' असं म्हणून सोडून देतो. शेतकऱ्याच्या घरात तेच तर मोजायचं असतं.

रंग टिकतो का, हेही तपासा. धाग्याचा रंग उन्हात किती टिकतो ते प्रमाणित निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी ताडून 1 ते 8 अशा श्रेणीत सांगतात. लॅब हाताशी नसेल तर सुताची अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत काही आठवडे ठेवा. फरक डोळ्यांना दिसतो. हळदीचा धागा सोबत ठेवलात तर उत्तमच. हळद बंधकाशिवायही चढते, पण उन्हात लवकर उडते. बिरोबाच्या यात्रेत भंडाऱ्याने माखलेलं धोतर उन्हात वाळवलं की कसं फिकट होतं, ते इथल्या कुणालाही विचारा.

मग वेळ मोजायचा कसा

लांबी कळली, जाडी कळली. पण वेळेचा प्रश्न उरतोच. मी तीन गोष्टी केल्या.

एक, तासांऐवजी प्रसंग विचारले. "ही लड कधी सुरू केली?" याला उत्तर येतं: "कोकरू विकलं त्याच्या आदल्या दिशी." "संपली कधी?" "अमावस्येच्या आत." लोकांचं कॅलेंडर तारखांचं नसतं, पण पक्कं असतं.

दोन, घड्याळ लावून प्रत्यक्ष पाहिलं. आक्का कातत असताना, त्यांना सांगून, 10 मिनिटांत किती मीटर निघतात ते मोजलं. एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी, बसून आणि चालताना.

तीन, अवचित भेटी. मानवशास्त्रात ही पद्धत जुनी आहे. दिवसातल्या वेगवेगळ्या वेळा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, त्या वेळी जायचं आणि त्या क्षणी माणूस काय करत होता तेवढंच लिहायचं. समजा 60 भेटींपैकी 9 वेळा हातात टकळी दिसली, तर 15 टक्के. जागेपणाचे 16 तास धरले तर दिवसाला साधारण 2.4 तास. पण हुरळून जाऊ नका. 60 भेटींवरून काढलेल्या या 15 टक्क्यांची 95 टक्के विश्वासमर्यादा ढोबळमानाने 6 ते 24 टक्के येते, म्हणजे एक तासापासून पावणेचार तासांपर्यंत काहीही. म्हणून भेटी वाढवायच्या किंवा आकडा मर्यादेसकटच लिहायचा. आणि भेटींसाठी आधी घरच्यांची परवानगी घ्यायची. कुठल्याही वेळी दारात उभं राहणारी पाहुणी कुणालाच आवडत नाही. आक्कांनी परवानगी देताना अट घातली होती, "येशील तवा वही मागनं काढ. आधी पाणी पी."

या तिन्ही मापांतून येणारे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. जुळायची गरजही नाही. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तुमचा निष्कर्ष उभा राहतो. दाखवत नसतील तर का नाही, हाच पुढचा प्रश्न.

जाता जाता

पायलटला निघण्याआधी एवढं करा. तुमच्या प्रश्नावलीतलं प्रत्येक माप घ्या (तास, किलो, रुपये) आणि स्वतःला विचारा: या घरात हे माप कोण वापरतं? कुणीच वापरत नसेल, तर लोक कशाने मोजतात? आक्का 'एका घोंगडीचं सूत' असं मोजतात. पहिल्याच दिवशी मी "वर्षात किती घोंगड्यांचं सूत निघतं?" असं विचारलं असतं तर बोटं मोडून सांगितलं असतं त्यांनी.

दुसरं, शून्य हे उत्तर आलं की थांबा. शून्य म्हणजे 'काम नाही', की 'तुमच्या प्रश्नात बसत नाही'? फॉर्म बंद करण्याआधी एकदा भिंतीकडे बघा.

गटाला मी शेवटी तासांचा एक आकडा दिला नाही. वेगवेगळ्या टेक्सला लागणाऱ्या वेळेचा तक्ता दिला, मर्यादेसकट. त्यांनी त्यातलं एकच काढून घेतलं: आता प्रत्येक लडीच्या चिठ्ठीवर वजनाच्या जोडीला लांबीही लिहितात, आणि बारीक सुताचा दर वेगळा सांगतात. फाळक्याचे फेरे मोजायचं काम गटातल्या शाळकरी मुली करतात.

पहिल्या फेरीतले ते शून्यवाले फॉर्म मी फाडले नाहीत. प्रबंधाच्या परिशिष्टात जसेच्या तसे लावणार आहे. गाईड आधी नको म्हणत होत्या. मग एकदा गावात आल्या, आक्कांकडे चहा प्यायल्या, आणि मान वर करून खुंटीकडे बघत म्हणाल्या, "राहू दे."